व्हीओसीचे समुद्री नकाशे कसे बनायचे, कसे वापरायचे आणि गुप्त म्हणजे नेमकं काय होतं

तुमचे प्रश्न तीन आहेत, आधी ते एकत्र लिहून घेतो. घरी लावायला घेतलेल्या जुन्या डच नकाशावर गोवा, वेंगुर्ला, दाभोळ, चौल सगळं दिसतंय, मग त्या काळी डचांनी हे एवढं नीट काढलं कसं, हे नकाशे म्हणे गुप्त असायचे ते खरं का, आणि जहाजावर हेच वापरायचे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे म्हणून तेच आधी: नाही. तुम्ही घेतलाय तसला छापील, रंगवलेला, कोपऱ्यात व्हेल मासे आणि शिडाची जहाजं असलेला नकाशा श्रीमंतांच्या घरासाठी आणि ॲटलाससाठी असायचा. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या म्हणजे व्हीओसीच्या जहाजावर जायचा तो वेगळाच, हाताने काढलेला आणि बहुतेक करून चामड्यावरचा.

मी कुठून बोलतोय तेही सांगतो. मर्चंट नेव्हीत डेक ऑफिसर होतो, कागदी चार्ट होते त्या काळात, आणि चार्टची जबाबदारी माझ्याकडे असायची. नोटिसेस टू मरिनर्स, म्हणजे चार्टमधल्या बदलांच्या सूचना, आल्या की बसून एकेक दुरुस्ती चार्टवर करायची, इथला बॉय (पाण्यावर तरंगती खूण) हलला, तिथे नवीन रेक (बुडालेलं जहाज) सापडलं, अमुक ठिकाणची खोली कमी झाली, आणि चार्टच्या खालच्या कोपऱ्यात दुरुस्तीचा नंबर लिहायचा. जुने चार्ट वाचायचा नाद त्यातूनच लागला आणि पुढे तेच काम झालं. त्यामुळे मी या नकाशांकडे कलाकृती म्हणून कमी बघतो, वॉचवर उभा असलेल्या माणसाच्या हातातलं अवजार म्हणून जास्त बघतो. आणि तसं बघितलं की एक गोष्ट लगेच दिसते जी पुस्तकांत सहसा दोन ओळींत उरकतात, ती म्हणजे कंपनीची खरी ताकद दुरुस्तीत होती. जहाज नकाशा घेऊन जाणार, येताना तो आणि रोजनामा परत जमा करणार, त्यावरून मूळ नकाशा सुधारणार, पुढच्या जहाजाला सुधारलेली प्रत मिळणार. हे चक्र जिथे फिरत राहिलं तिथले डच नकाशे उत्तम आहेत आणि जिथे थांबलं तिथले चुकीचे, काही ठिकाणी शंभर-दीडशे वर्षं चुकीचे.

सुरुवात मात्र डचांनी शून्यातून केलेली नाही, ती केली पोर्तुगीजांच्या मालावर, आणि इथे गोव्याचा संबंध थेट आहे. पोर्तुगीज नकाशाकार फर्नाँव वाझ दोराद गोव्यात बसून ॲटलास काढत होता, त्याचा १५६८ चा ॲटलास गोव्यातलाच. मग १५८३ मध्ये यान ह्यूखेन व्हान लिन्सखोटेन नावाचा डच तरुण गोव्यात आला, तिथल्या आर्चबिशपच्या पदरी सेक्रेटरी म्हणून. पाचेक वर्षं राहिला. तो स्वतः गोव्याच्या पूर्वेला कधी गेलाच नाही पण गोवा म्हणजे मलाक्का, मकाव, जपानहून येणाऱ्या प्रत्येक जहाजाचं बंदर, त्यामुळे पायलट म्हणजे जहाजाला वाट दाखवणाऱ्या लोकांकडची मार्गदर्शनाची टिपणं, कुठे वळायचं, कुठे खडक, कोणत्या महिन्यात कुठला वारा, हे सगळं त्याने जमवलं, जपानपर्यंत जाऊन आलेला एक डच माणूस ओळखीचा होता त्याच्याकडूनही माहिती घेतली. परत गेल्यावर १५९५-९६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या कॉर्नेलिस क्लास या प्रकाशकाने ते छापलं. त्यातला सगळ्यात कामाचा सल्ला असा की मलाक्काच्या वाट्याला जाऊ नका, तिथे पोर्तुगीज बसलेत, सुमात्राच्या दक्षिणेने सुंदा सामुद्रधुनीतून आत शिरा. १५९५ ला निघालेला कॉर्नेलिस द हाउटमनचा पहिला डच ताफा जावातल्या बांतेनला पोचला तो याच वाटेने.

त्याच सुमारास पेट्रस प्लान्सियस म्हणून एक धर्मोपदेशक होता, नकाशे आणि खगोल हा त्याचा दुसरा जीव. त्याने बार्तोलोमेउ लासो या पोर्तुगीज नकाशाकाराचे नकाशे मिळवले आणि क्लासच्या मदतीने ते डच दर्यावर्दींपर्यंत पोचवले. म्हणजे १६०२ मध्ये व्हीओसी स्थापन झाली तेव्हा पायाभूत रेषा पोर्तुगीजांची होती, आणि पोर्तुगीजांची रेषासुद्धा एकट्याची नाही. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने १५१२ मध्ये राजाला लिहिलेल्या पत्रात एका जावानीज पायलटच्या मोठ्या नकाशाचं वर्णन आहे, मूळ नकाशा जहाजासोबत बुडाला पण एका भागाची नक्कल केलेली होती ती त्याने पाठवली. गुजराती, अरब, मलय, जावानीज नाखव्यांचं ज्ञान या सगळ्या नकाशांच्या तळाशी आहे आणि नकाशावर त्यांचं नाव कुठेच नाही. हे मला प्रत्येक वेळी टोचतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आता कंपनीची व्यवस्था. ॲमस्टरडॅमला कंपनीचा अधिकृत नकाशाकार असायचा. १६१७ मध्ये हेसेल खेरिट्झ नेमला गेला, तो १६३२ ला वारल्यावर विलेम ब्लाउ, मग १६३८ पासून त्याचा मुलगा योआन ब्लाउ, पुढे १७०५ पासून इसाक द ग्राफ, आणि १७४३ पासून व्हान कूलन घराणं. बटाव्हिया म्हणजे आजचं जकार्ता डचांनी १६१९ ला घेतलं आणि तिथेही नकाशाचं कार्यालय उभं राहिलं. आशियातल्या आशियात फिरणाऱ्या जहाजांचं, म्हणजे बटाव्हियाहून सुरत, कोरोमंडल, बंगाल, जपान, फॉर्मोसा (आजचं तैवान), तिथलं बरंचसं काम बटाव्हियात व्हायचं आणि नकला हॉलंडला जायच्या.

कार्यालयात एक मूळ प्रत असायची, तिला लेगर म्हणायचे. जहाजाला द्यायच्या प्रती तिच्यावरून. प्रत काढायची पद्धत बघण्यासारखी आहे: साच्याच्या रेषेवर सुईने बारीक बारीक भोकं पाडायची, साचा कोऱ्या चामड्यावर ठेवायचा आणि वरून कोळशाची पूड चोळायची, खाली ठिपक्यांची रेष उमटते, ती शाईने जोडायची. आपल्याकडे साडीवर भरतकामाचा खाका उतरवताना भोकं पाडलेल्या कागदावर नीळ नाहीतर खडू चोळतात ना, अगदी तेच. यामुळे किनाऱ्याची रेष प्रत्येक प्रतीत तंतोतंत तीच यायची, कारकुनाच्या हाताचा फरक पडायचा नाही.

तुम्हाला वाटेल की तांब्याच्या पत्र्यावर कोरून शेकडो प्रती छापायची कला ॲमस्टरडॅममध्येच तर होती, जगात सगळ्यात चांगली होती, मग कंपनी शतकभर हाताने का काढत बसली. लोक लगेच म्हणतात गुप्ततेसाठी. ते एक कारण आहे पण माझ्या मते पहिलं नाही. पहिलं कारण, तांब्यावर दुरुस्ती करणं म्हणजे तो भाग ठोकून सपाट करायचा, घासायचा आणि परत कोरायचा, आणि इथे तर दर मोसमाला नवीन माहिती येत होती. हाताच्या नकाशात लेगर सुधारला की पुढची प्रत सुधारलेलीच निघते. दुसरं कारण चामडं. वासराच्या कातड्याचं पार्चमेंट खाऱ्या हवेत, ओल्या हातात, डिव्हायडरची टोकं रोज टोचून टोचून आठ महिने टिकतं, कागद त्या जागी मऊ पडून फाटतो. मी जुन्या चार्टवर डिव्हायडरची भोकं पाहिलीत, ठराविक टप्प्यांवर जास्त दाट असतात, म्हणजे तिथे माणूस पुन्हा पुन्हा अंतर मोजत होता, काळजीत होता.

जहाजाला नकाशांचा संच मिळायचा, क्रमाने. पहिला हॉलंडमधल्या टेक्सेलपासून केप ऑफ गुड होपपर्यंतचा, दुसरा केपपासून सुंदा सामुद्रधुनीपर्यंत हिंदी महासागराचा, मग इंडोनेशियाच्या बेटांचे जास्त मोठ्या प्रमाणाचे (स्केलचे), म्हणजे जास्त तपशील दाखवणारे, मग सुमात्रा, सुंदा, जावा, असं करत शेवटी बटाव्हियाच्या तोंडाशी आणणारा. जसजसं जमीन जवळ येते तसतसं प्रमाण मोठं होत जातं, आमच्या काळातही पॅसेज प्लॅन म्हणजे प्रवासाची आखणी करताना आम्ही चार्ट असेच लावायचो. संचाची यादी व्हायची, प्रवास संपला की नकाशे परत जमा करायचे, हरवले तर पैसे भरायचे. कप्तान आणि नेव्हिगेटर आपापला वेगळा रोजनामा लिहायचे आणि तोही जमा. हा वेगवेगळा लिहिणं फार शहाणपणाचं आहे, कारण दोघांची चूक एकसारखी नसते, ताडून बघता येतं.

आता 'अचूक' या शब्दाकडे येऊ. अक्षांश त्यांना बऱ्यापैकी यायचे. दुपारच्या सूर्याची उंची क्रॉस-स्टाफ नाहीतर बॅकस्टाफ या कोन मोजायच्या उपकरणाने घ्यायची, कोष्टकातून सूर्याची क्रांती, म्हणजे सूर्य विषुववृत्तापासून किती उत्तरेला-दक्षिणेला आहे तो कोन, काढायची, की अक्षांश मिळाला. हलत्या डेकवर अंशाच्या काही भागाइतकी चूक व्हायची पण चालून जायचं. रेखांश मात्र येत नव्हते, समुद्रात वापरता येईल असं घड्याळ १८व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नव्हतंच. त्यामुळे पूर्व-पश्चिम किती आलो हे सगळं वेगाच्या अंदाजावर, वाळूच्या घड्याळावर आणि होकायंत्राच्या दिशेवर. म्हणून जुन्या डच चार्टवर उत्तर-दक्षिण पसरलेले किनारे, म्हणजे आपला पश्चिम किनारा धरा, बरे दिसतात, कारण एकेका बंदराचा अक्षांश मोजता येतो. महासागराच्या रुंदीत मात्र घोळ असतो.

याचं सगळ्यात भारी आणि सगळ्यात दुःखद उदाहरण ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा, त्यावर जरा थांबतो कारण इथे नकाशाचं गणित आणि माणसांचे जीव एकाच ठिकाणी येतात. १६११ मध्ये हेंड्रिक ब्राउवर केपहून नेहमीसारखा ईशान्येला न वळता दक्षिणेला उतरला, तिथल्या जोरदार पश्चिमी वाऱ्यावर सरळ पूर्वेला धावला आणि मग उत्तरेला वळून जावाला पोचला. प्रवासाचे कित्येक महिने वाचले. काही वर्षांतच कंपनीने हा मार्ग सक्तीचा केला: ३५ ते ४४ अंश दक्षिणेच्या पट्ट्यात राहून केपपासून पूर्वेला निदान १००० डच मैल जायचं, मग उत्तरेला वळायचं. डच मैल म्हणजे अंशाला १५, साधारण ७.४ किलोमीटरचा.

आता हे गणित करून बघा, मी जुन्या चार्टवर काम करायला आलेल्या प्रत्येकाला हे करायला लावतो. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १५ मैलांचा, पण दक्षिणेला जाल तसा तो आखडतो. ३५ अंशावर साधारण १२.३ मैल, ४० वर ११.५, ४४ वर १०.८. म्हणजे तेच १००० मैल ३५ अंशावर धावलात तर ८१ अंश पूर्वेला गेलात, ४४ वर धावलात तर जवळजवळ ९३ अंश. केप ग्रिनिचच्या हिशोबाने १८.५ अंश पूर्वेला आहे. पहिला माणूस १०० अंशाच्या आसपास वळेल, दुसरा १११ वर. दोघांनीही हुकूम पाळला आणि दोघांत हजारेक किलोमीटरचा फरक! आणि ऑस्ट्रेलियाचा तो किनारा ११३ ते ११५ अंशावर आहे. वर पूर्वेकडे ढकलणारा प्रवाह, वर वेगाचा अंदाज दहा टक्के चुकला की आणखी १०० मैल. त्यात साधे नकाशे, ज्यांच्यावर सगळीकडे अंश सारखाच रुंद दाखवलेला, त्यांच्यावर हे आखडणं दिसतच नाही. हे आखडणं हिशोबात धरणारी नकाशा काढायची पद्धत, मर्केटरचं प्रक्षेपण, १५६९ पासून होती आणि वाढत्या अंशांचे नकाशेही डच काढत होते, पण जुन्या दर्यावर्दींचा हात साध्या नकाशावर बसलेला, आणि विषुववृत्ताजवळच्या बेटांत तो साधा नकाशा खरोखर पुरतोही, त्यामुळे सोडवत नव्हता.

व्हायचं तेच झालं. ऑक्टोबर १६१६ मध्ये डिर्क हार्टोख 'एन्द्राख्त' जहाज घेऊन त्या किनाऱ्यावर जाऊन पोचला आणि एका बेटावर कथलाच्या मिश्रधातूची थाळी कोरून ठोकून आला. १६१९ मध्ये फ्रेडरिक द हाउटमनला किनाऱ्यापासून दूर समुद्रात पसरलेले प्रवाळ खडक दिसले, ते नकाशावर हाउटमन आब्रोल्योस म्हणून आले. खेरिट्झ हे सगळे रोजनामे जमा करत होता, १६२७ च्या त्याच्या नकाशावर एन्द्राख्तच्या भूमीचा किनारा तुकड्यातुकड्याने दिसतो, जिथे ज्या जहाजाने पाहिलं तेवढाच, मधली जागा मोकळी सोडलेली. मला हा नकाशा फार आवडतो कारण त्याने रिकामी जागा रिकामी ठेवली, अंदाजाने रेष ओढली नाही.

तरी ४ जून १६२९ ला 'बटाव्हिया' नावाचं जहाज रात्री त्याच आब्रोल्योसवर आदळलं. खडक नकाशावर होते! अक्षांशही कळत होता. पण आपण किनाऱ्यापासून पुष्कळ लांब आहोत अशी जहाजावरच्यांची समजूत होती, म्हणजे नकाशावरची जागा बरोबर आणि नकाशावर आपण कुठे, हे चूक. पुढे १६५६ मध्ये 'फरखुल्डे द्राख', १७१२ मध्ये 'झाउटडॉर्प', १७२७ मध्ये 'झेवेक', सगळी त्याच किनाऱ्याला गेली. 'झेवेक'च्या वाचलेल्या लोकांनी तर मोडक्या जहाजाच्या लाकडातून नवी होडी बांधली आणि बटाव्हिया गाठलं.

प्रत्येक अपघातानंतर कंपनी शोधाला जहाजं पाठवायची आणि ती जहाजं किनारा मोजून यायची. १६५८ मध्ये 'वाकंडे बूय' आणि 'एमेलॉर्ट' गेली, १६९६-९७ मध्ये विलेम द फ्लामिंग गेला, १६९४ पासून बेपत्ता असलेल्या 'रिडरस्खाप व्हान हॉलंड'चा माग काढायला. जहाज सापडलं नाही पण किनाऱ्याचा चांगला नकाशा झाला, आणि हार्टोखची थाळी तो काढून घेऊन आला, आज ती ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. रेखांश मोजता येत नसताना नेव्हिगेटर काय करायचे तर खुणा जोडायचे: महासागराच्या मधोमध असलेली सेंट पॉल आणि ॲमस्टरडॅम ही दोन बेटं नजरेत आणायची म्हणजे हिशोब तिथून परत सुरू करता येतो, आणि होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते ते रोज मोजायचं, कारण ते ढळणं जागेजागी बदलतं आणि आधीच्या रोजनाम्यांशी ताडून अंदाज घेता येतो. हा शेवटचा उपाय फक्त त्यालाच जमतो ज्याच्यामागे शेकडो जमा केलेले रोजनामे आहेत. परत सांगतो, चक्र.

आता चक्र थांबलं की काय होतं ते बघा. १६४३ मध्ये मार्टन खेरिट्झ फ्रीस जपानच्या उत्तरेला गेला, दाट धुक्यात. होक्काइदो आणि साखालिनच्या मधली सामुद्रधुनी त्याला दिसलीच नाही, दोन्ही एकच जमीन असं काढलं, आणि कुरील बेटांपैकी एकाला मोठा भूभाग समजून कंपनीचं नाव दिलं. तिथे व्यापार नव्हता, डच जहाज परत गेलं नाही, आणि ती चूक युरोपच्या नकाशांवर शंभर वर्षांहून जास्त राहिली, १७८७ ला फ्रेंच ला पेरूज त्या सामुद्रधुनीतून पार झाला तोवर. तसंच ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या मधल्या सामुद्रधुनीचं. १६०६ मध्ये विलेम यान्सझोन 'डायफ्कन'मधून गेला, १६४४ मध्ये आबेल टास्मान या डच दर्यावर्दीला तिथे वाट आहे का हे बघायला सांगितलं होतं, वाट सापडली नाही आणि विषय सुटला. फ्रीस काय टास्मान काय, दोघंही उत्तम दर्यावर्दी. कमी पडली ती दुसरी फेरी.

उलट सुंदा सामुद्रधुनी, बांका, मलाक्का, हुगळीचं तोंड, सुरतेची खाडी, इथले चार्ट बघा, आकड्यांनी भरलेले आहेत. ते आकडे पाण्याची खोली, वावांमध्ये. डच वाव म्हणजे ॲमस्टरडॅमचे सहा फूट, साधारण १.७ मीटर, आपल्या आजच्या सहा फुटी वावेपेक्षा थोडी लहान, तुलना करताना हे विसरू नका. शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडायची, वजनाच्या बुडाला खळगा, त्यात चरबी भरलेली, म्हणजे वर येताना तळाची वाळू, चिखल, शिंपले चिकटून येतात. खोली अधिक तळाचा प्रकार, या दोन्हीवरून रात्री किंवा धुक्यात कुठे आलोय हे बऱ्यापैकी कळतं. आमच्या किनाऱ्याला तर हे फार उपयोगाचं, मुंबईसमोर उथळ पट्टा खूप रुंद आहे आणि दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो, दोरी तळाला लागते म्हणजे जमीन दिसायच्या कितीतरी आधी तुम्हाला ती कळते. हुगळीसारख्या नदीत मात्र वाळूचे दांडे दर वर्षी सरकतात, तिथे ताजा चार्टही पुरत नाही, स्थानिक पायलट लागतोच, तेव्हाही लागायचा आणि आजही लागतो.

वेंगुर्ल्याचं विचारलंत म्हणून सांगतो. १६३६ पासून डच दर मोसमात गोव्याच्या तोंडाशी ताफा आणून पोर्तुगीजांची नाकेबंदी करायचे, पावसाळा लागायच्या आत निघून जायचे. एवढा मोठा ताफा महिनोन्महिने नांगरून ठेवायचा म्हणजे पाणी, तांदूळ, ताजं अन्न, आणि हेरांकडून बातम्या हव्यात. म्हणून १६३७ मध्ये आदिलशहाच्या परवानगीने वेंगुर्ल्याला वखार काढली, तिचे अवशेष आजही आहेत, कोकणात गेलात तर जरूर बघा. नकाशाच्या बाजूने बघितलं तर याचा अर्थ असा की वेंगुर्ला-गोवा हा पट्टा डचांनी नांगर टाकून टाकून, दोरी सोडून सोडून ओळखला. समोरचे वेंगुर्ल्याचे खडक, आज जिथे दीपगृह आहे, ते कोणत्याही जहाजाच्या जिवावर उठणारे. याच्या तुलनेत खाड्यांच्या आतला भाग मी पाहिलेल्या डच चार्टवर जवळजवळ कोराच असतो. खोल बुडाच्या जहाजाला तिथे कामच नव्हतं. खाडीच्या आतलं पाणी माहीत होतं ते इथल्या तांडेलांना आणि कोळ्यांना, आणि त्यांनी ते कातड्यावर लिहून ठेवलं नाही.

गुप्ततेचं आता. नकाशाकाराला शपथ घ्यावी लागायची, कंपनीची माहिती बाहेर द्यायची नाही, हे खरं आहे. पण तोच योआन ब्लाउ युरोपातला सगळ्यात मोठा ॲटलास छापणारा धंदेवाईक प्रकाशकही होता. त्याने १६६२ पासून काढलेल्या भव्य ॲटलासमधले आशियाचे नकाशे बघितले तर कंपनीच्या ताज्या माहितीपेक्षा बरेच मागचे आहेत, म्हणजे तिथे तो संयम ठेवत होता. दुसरीकडे १७व्या शतकाच्या मध्याला बांधलेल्या ॲमस्टरडॅमच्या टाउन हॉलच्या संगमरवरी फरशीवर टास्मानने पाहिलेला किनारा सगळ्या शहराला दिसेल असा जडवला होता! आणि लॉरेन्स व्हान डर हेम नावाच्या ॲमस्टरडॅमच्या श्रीमंत वकिलाने कंपनीच्या हस्तलिखित नकाशांच्या सुंदर नकला स्वतःच्या ॲटलाससाठी मिळवल्या, तो संग्रह आज व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

मग गुप्त काय होतं? माझं मत स्पष्ट आहे: जमिनीचा आकार फारसा गुप्त नव्हता, उलट तो मिरवायची गोष्ट होती. गुप्त होतं ते कामाचं ज्ञान, म्हणजे खोलीचे आकडे, कुठे नांगर धरतो, कोणत्या डोंगराचं टोक कोणत्या दिशेला आलं की वळायचं, किनारा समुद्रातून कसा दिसतो त्याची रेखाचित्रं, आणि लेखी सूचना. नुसत्या आकारावर कुणी सामुद्रधुनी पार करू शकत नाही. आणि तेही कायमचं झाकून राहिलं नाहीच. इंग्रज जॉन थॉर्नटनने १७०३ मध्ये पूर्वेकडच्या समुद्रांचा छापील ॲटलास काढला त्यात डच हस्तलिखितांचा मोठा वाटा आहे. १७४५ मध्ये फ्रेंच दाप्रे द मानव्हिलेटचा 'नेप्त्यून ओरिएंताल' आला. तेव्हा कुठे १७५३ मध्ये योहानेस व्हान कूलनने आपल्या समुद्री ॲटलासचा सहावा भाग, आशियाच्या समुद्रांचा, छापला. तोपर्यंत इतरांचे नेव्हिगेटर नव्या उपकरणांनी नवीन मोजणी करायला लागले होते.

तुमच्या प्रिंटबद्दल थोडं. मोठ्या भिंगातून बघा, रंग ठिपक्याठिपक्यांचा बनलेला दिसला तर आधुनिक छपाई आहे, बहुतेक तसंच निघेल आणि त्यात वाईट काही नाही. खऱ्या कोरीव छपाईत तांब्याच्या पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन बोटाला लागतो (कडा कापलेल्या नसतील तर), कागद उजेडात धरला की समांतर रेषा दिसतात, आणि हिरवा रंग जुना असेल तर त्याच्या मागचा कागद तपकिरी पडलेला असतो. कातड्यावरचा 'ओरिजिनल व्हीओसी चार्ट' कुणी स्वस्तात देतोय म्हणाला तर घेऊ नका, तसले बहुतेक सगळे संग्रहालयांत आणि अभिलेखागारांत आहेत.

ते बघायचे असतील तर हेगच्या नॅशनाल आर्खीफमध्ये मोठा संग्रह आहे आणि बराचसा स्कॅन करून ऑनलाइन, फुकट उपलब्ध आहे. व्हीओसीचे कागद २००३ पासून युनेस्कोच्या मेमरी ऑफ द वर्ल्डमध्ये आहेत आणि त्यात हेग, जकार्ता, कोलंबो, केपटाउन यांच्याबरोबर आपलं चेन्नईही येतं, मलबार आणि कोरोमंडलचे डच दप्तर तमिळनाडू अभिलेखागारात आहे. स्कॅन उघडलात की आधी वरची बाजू उत्तर आहे असं धरू नका, दिशाचक्रावरचं लिलीच्या फुलासारखं चिन्ह शोधा, लिन्सखोटेनच्या पुस्तकातला पूर्व आशियाचा नकाशा तर पूर्व वर ठेवून काढलाय. मग मैलांची पट्टी बघा, ती अंशाला १५ वाली असते, आजच्या ६० नॉटिकल मैलांशी गल्लत झाली तर सगळी अंतरं चौपट चुकतील. आणि रेखांश दिलेच असतील तर ते ग्रिनिचपासून नसतात, डच नकाशांत सहसा तेनेरिफच्या शिखरापासून मोजलेले असतात, त्यातून १६ अंश ३८ मिनिटं वजा करा म्हणजे आजच्या आकड्याशी ताडता येईल, वेंगुर्ला त्या हिशोबाने ९० अंशाच्या जरासं पुढे यायला हवं, किती पुढे-मागे येतंय ते मोजा आणि मग नकाशाचं साल बघा.